स्वयंपाकघराचा विमा

वसंतातल्या व्याख्यानांना येणारी मंडळी वेदान्त ऐकतात, इतिहास ऐकतात, परराष्ट्रनीतीलाही दोन घटका कान देतात. त्यांच्यापुढे फ्रिज, मिक्सर आणि नासलेले दूध हा विषय मांडावयाचा म्हणजे थोडे धाडसच आहे. पण नागपुरात तरी त्यासाठी फारशी क्षमायाचना करावी लागू नये. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना हा विषय किती मोठा आहे हे सांगण्याची गरज नाही.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, गावात घरोघर महालक्ष्म्यांचे पूजन झाले होते. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, कढी, आंबील असा सगळा थाट. आणि पंगती उठल्यावर जे उरले ते रीतीप्रमाणे फ्रिजमध्ये गेले. मध्यरात्र उलटल्यावर पावसाने जो जोर धरला तो विलक्षणच होता. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून ओसंडला आणि नाग नदी आपले पात्र सोडून वस्तीत शिरली. अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांतील माणसे जागी झाली तेव्हा पाणी पलंगाला लागले होते. मोरभवनच्या स्थानकात एसटीच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या. माणसेही दगावली, त्या दुःखापुढे फ्रिजची गोष्ट काढणे बरे दिसत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पाणी ओसरल्यावर हजारो घरांतील गृहिणींनी पहिले दार उघडले ते स्वयंपाकघराचे, आणि आत फ्रिज आडवा पडून गाळात रुतलेला होता, हेही तितकेच खरे.

सरकारने नुकसान झालेल्या घरांना 10,000 रुपयांची आणि दुकानांना 50,000 रुपयांपर्यंतची मदत जाहीर केली. मदत ती मदत. ती भरपाई नव्हे, आणि तसा कोणी दावाही केला नव्हता. दहा हजारांत आज बऱ्यापैकी फ्रिजही येत नाही, मग घरघंटी, मिक्सर, पाण्याचे फिल्टर आणि ओट्याखालचा वर्षभराचा गहू यांची गोष्ट दूरच. त्यामुळे पुढचे काही आठवडे आम्हांला ओळखीची माणसे एकच प्रश्न विचारीत होती : ‘घराचा विमा आहे, तर फ्रिजचे पैसे मिळतील का हो?’ आम्ही उलट विचारीत असू : ‘फ्रिज गेला, हे कळले, पण तो कशाने गेला?’ काहींना हा प्रश्न आचरटपणाचा वाटला. वस्तू गेली ती गेली, कशाने गेली याचे काय? पण विम्याचे सारे मर्म याच प्रश्नात आहे, आणि आजचे आमचे सांगणेही तेवढेच आहे. विम्याचा कागद ‘काय बिघडले’ हे नंतर विचारतो; ‘कशाने बिघडले’ हे आधी विचारतो.

एक कल्पित गल्ली डोळ्यांपुढे आणावी. तिथे तीन घरे आहेत, तिघांकडे एकाच प्रकारची पॉलिसी आहे, आणि तिघांचेही त्या एकाच रात्री नुकसान झाले आहे. पहिले घर तळमजल्यावर. तिथे नदीचे पाणी शिरले आणि फ्रिज बुडाला. दुसरे घर पहिल्या मजल्यावर. तिथे पाण्याचा थेंबही पोचला नाही, पण वीज जाता-येता दाब एकदम चढला आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर जळाला. तिसरे घर त्याच्याही वर. तिथला फ्रिज शाबूत आहे, मात्र वीज दीर्घकाळ बंद राहिल्याने आतले दूध, लोणी, महालक्ष्म्यांचे पुरण, सारे नासले. व्यवहारी माणूस म्हणेल, तिघांचे नुकसान एकाच पावसाने झाले. विमा कंपनी तसे म्हणत नाही. पहिल्याला पैसे मिळतात. दुसऱ्याला, त्याने वेगळे संरक्षण घेतले नसेल तर, फ्रिजपुरते काही मिळत नाही. तिसऱ्याच्या वाट्याला बहुधा निराशाच येते. हे असे का, ते आता पाहू.

आपल्याकडे घराच्या विम्याला अजूनही पुष्कळ लोक ‘आगीचा विमा’च म्हणतात, आणि त्या नावामुळे पाण्याने झालेले नुकसान त्यात बसणार नाही अशी भलतीच समजूत करून घेतात. नाव जुने आहे. 1666 साली लंडन शहर जळाले, त्यानंतर घरांच्या विम्याचा धंदा तिकडे उभा राहिला, आणि त्याचे मूळ नाव आपल्यापर्यंत चालत आले. प्रत्यक्षात हल्लीच्या पॉलिसीत आग हा अनेक संकटांपैकी एक असतो. भारतात 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामक प्राधिकरणाने ‘भारत गृह रक्षा’ या नावाची एक प्रमाणित पॉलिसी आणली. तिच्यात आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर व पाणी साचणे, दरड कोसळणे, दंगल, इतकेच नव्हे तर घरातली पाण्याची टाकी किंवा नळ फुटून होणारे नुकसानही धरलेले आहे. पुरासाठी निराळा हप्ता भरावा लागत नाही. म्हणजे नागपूरच्या त्या रात्रीचे संकट या कागदात आधीच लिहिलेले होते. कागद तेवढा फार थोड्या घरांत होता. आयुष्याचा विमा 1956 साली सरकारच्या हाती आला, तेव्हा अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी त्याची वार्ता रेडिओवरून देशाला सांगितली. तेव्हापासून आयुर्विम्याचा प्रतिनिधी घरोघर पोचला. घराच्या विम्याला असा घरोघर हिंडणारा कोणी लाभला नाही.

या पॉलिसीत घराची इमारत आणि घरातले सामान अशी दोन खाती आहेत. सामानाची जी व्याख्या दिली आहे तिच्यात फर्निचर, दूरदर्शन संच, कपडे यांच्या जोडीला स्वयंपाकघरातील उपकरणे आणि भिंतीत बसविलेली विजेची उपकरणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा फ्रिज, मिक्सर, ओव्हन, ओट्यावरची चिमणी ही सारी त्यात येतात. त्याबद्दल वाद नाही. इमारत आणि सामान दोन्हींचा विमा उतरविला, तर सामानाची रक्कम निराळी न सांगताही इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के इतकी आपोआप धरली जाते, मात्र दहा लाखांपर्यंतच. हिशेब सोपा आहे. हजार चौरस फूट चटईक्षेत्र आणि बांधकामाचा खर्च फुटाला अडीच हजार रुपये धरला, तर इमारतीची रक्कम पंचवीस लाख होते आणि सामानाची पाच लाख. येथे जागेची बाजारातली किंमत धरावयाची नसते, बांधकामाचा खर्च धरावयाचा असतो. कारण पुराने घर नेले तरी जमीन तिथेच राहते. धरमपेठेत घर असले म्हणून विमा धरमपेठेच्या भावाने उतरविण्याचे कारण नाही. पाच लाखांहून अधिक सामान असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घेता येते. भाडेकरूला इमारतीशी कर्तव्य नसते. त्याला नुसत्या सामानाचा विमा उतरविता येतो, आणि ही गोष्ट फार थोड्या भाडेकरूंना माहीत असते.

सोसायटीत राहणाऱ्यांची आणखी एक गफलत होते. सोसायटीने विमा घेतला आहे, तेव्हा आपले भागले, असे ते धरून चालतात. सोसायटीचा विमा सामान्यतः इमारतीचा असतो. तुमच्या फ्रिजशी त्याचा संबंध नाही. घरासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेने जो विमा काढवून घेतलेला असतो, त्याचेही बहुधा असेच. तिला आपल्या तारणाची काळजी, तुमच्या मिक्सरची नव्हे. तो कागद एकदा काढून पाहावा.

जुन्या पॉलिसींत एक जाच होता. दोन लाखांच्या सामानाचा विमा कोणी एक लाखालाच उतरविला असेल आणि चाळीस हजारांचे नुकसान झाले, तर कंपनी म्हणे, तुम्ही निम्म्याचाच विमा उतरविला, तेव्हा नुकसानही निम्मेच, म्हणजे वीस हजार देऊ. ‘भारत गृह रक्षा’त हे प्रमाण लावले जात नाही, उतरविलेल्या रकमेच्या मर्यादेत नुकसान भरून दिले जाते. वस्तू दुरुस्त होण्यासारखी असेल तर दुरुस्तीचा खर्च, संपूर्ण गेली असेल तर तशीच दुसरी घेण्याचा खर्च, असा तिचा दंडक आहे. हा बदल ग्राहकाच्या हिताचा झाला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता पहिल्या मजल्यावरच्या दुसऱ्या घराकडे वळू. तिथल्या फ्रिजचे काय चुकले? पॉलिसीच्या अपवादांत एक कलम आहे. विजेचे उपकरण जादा दाबाने, शॉर्ट सर्किटने, ठिणगी पडून, आपोआप तापून किंवा विजेच्या गळतीने बिघडले, मग त्याचे कारण काहीही असो, तर त्या उपकरणाचे नुकसान कंपनी देत नाही. कारणांत आकाशातली वीजही येते. एकीकडे वीज कोसळणे हे संरक्षित संकट म्हणून मोजावयाचे आणि दुसरीकडे त्या विजेने तारेतून येऊन फ्रिज जाळला तर हात वर करावयाचे, हे वाचकांना विसंगत वाटेल. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. पण कंपनीच्या बाजूने पाहिले तर यात काही तर्क आहे. विजेची उपकरणे रोज कुठे ना कुठे जळतच असतात. वायरिंग जुने, स्टॅबिलायझर नाही, उपकरणाचे वय झालेले. या सर्वांचा भार आगीच्या नि पुराच्या विम्यावर टाकला तर हप्ता इतका वाढेल की तो भरणार कोण?

या अपवादाला मात्र एक मर्यादा आहे, आणि ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो ज्या उपकरणात बिघाड झाला त्या एकट्याला लागू पडतो. समजा, मिक्सरमध्ये शॉर्ट सर्किट होऊन ठिणगी उडाली, तिने पडदा पेटला, पडद्याने फळीवरचे सामान पेटले आणि शेजारचा फ्रिज होरपळला. अशा वेळी मिक्सरचे पैसे मिळणार नाहीत. पण पडदा, फळी, भिंतीचा रंग आणि फ्रिज यांचे मिळतील, कारण ते शॉर्ट सर्किटने गेले नाहीत, आगीने गेले. कंपनीचा माणूस ‘शॉर्ट सर्किट आहे, काही मिळणार नाही’ असे एका वाक्यात सांगून उठू लागला, तर त्याला बसवून घेऊन हे कलम वाचून दाखवावे.

ज्याला विजेच्या बिघाडाचीच धास्ती आहे, त्याच्यासाठी वेगळी सोय आहे. ‘गृहस्थ पॉलिसी’ म्हणून कंपन्या जी अनेक विभागांची पॉलिसी विकतात, तिच्यात घरगुती उपकरणांच्या यांत्रिक व विद्युत बिघाडाचा एक विभाग घेता येतो. त्यात उपकरणाची यादी, बनावट, खरेदीचे साल द्यावे लागते. जुन्या उपकरणांना तो मिळतोच असे नाही, आणि भरपाईत घसारा कापला जाण्याचा संभव असतो. तीन उपकरणांसाठी हा खटाटोप करावा की चांगला स्टॅबिलायझर घ्यावा, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही स्टॅबिलायझर घेतला.

राहिला तिसऱ्या घरातला नासलेल्या अन्नाचा प्रश्न. इंग्लंडात घरसामानाच्या विम्यात शीतपेटीतले अन्न नासल्याची भरपाई पुष्कळ ठिकाणी नेहमीच्या कलमांत असते. अमेरिकेतही थोडा जादा हप्ता भरून ती मिळते. आपल्याकडच्या घरगुती पॉलिसीत असे कलम सहसा नसते. उलट, मूळ नुकसानीच्या मागून येणारे अप्रत्यक्ष नुकसान दिले जाणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले असते. वीज गेली म्हणून गारवा गेला आणि गारवा गेला म्हणून दूध फाटले, ही साखळी कंपनीच्या लेखी अप्रत्यक्ष ठरते. विमाव्यवहाराला नासण्याची कल्पना नाही, असे मात्र नाही. व्यापाऱ्यांच्या आगीच्या प्रमाणित पॉलिसीत शीतगृहातील माल तापमान बदलल्याने खराब झाला तर तो धरला जाणार नाही, असा अपवाद घातलेला होता. आणि ज्याला ते संरक्षण हवे त्याला जादा हप्त्याने ते देण्याची सोयही होती. शीतगृहात ठेवलेल्या बटाट्यांचाही वेगळा विमा निघतो. गोदामात माल मोजलेला असतो, वजन केलेला असतो, तापमानाची नोंदवही असते. घरच्या फ्रिजमध्ये किती पुरण होते आणि त्याआधी किती खाऊन झाले होते, याचा पुरावा कोण देणार? शिवाय पाचशे रुपयांच्या दुधासाठी सर्वेक्षक पाठवावयाचा तर त्याच्या येण्याजाण्याचा खर्चच त्याहून अधिक. तेव्हा फ्रिजमधल्या अन्नाबद्दल आमची कंपन्यांशी तक्रार नाही.

आमची तक्रार आहे ती ओट्याखालच्या पिंपांबद्दल. आपल्या भागात मार्च-एप्रिल-मे म्हणजे साठवणाचे दिवस. याच व्याख्यानमालेच्या सुमारास गच्च्यांवर कुरडया, पापड, सरगुंडे वाळत असतात. गहू, तांदूळ, तूरडाळ वर्षाची भरली जाते, तिखट कांडून आणले जाते, लोणची मुरत घातली जातात. ही बेगमी काही पाचशे रुपयांची नसते. सप्टेंबरात पूर येतो तेव्हा पिंपे अजून अर्ध्याहून अधिक भरलेली असतात, आणि पाण्याने भिजलेला गहू वीज गेल्याने नासत नाही, तो थेट पुराने नासतो. येथे मधली साखळी नाही. मग तो धरला जावा की नाही? पॉलिसीच्या व्याख्येचा आरंभ घरगुती वापराच्या सर्व सामानाने होतो, पण पुढे जी उदाहरणे दिली आहेत त्यांत धान्याचे नाव नाही. दावा करणारा पहिल्या शब्दांवर बोट ठेवील, कंपनी उदाहरणांवर. यासाठी आमची सूचना अशी, की पॉलिसी घेतानाच ‘साठवणीचे धान्य घरसामानात धरले जाईल काय’ असा प्रश्न कंपनीला लेखी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. प्रतिनिधीने तोंडी दिलेले ‘हो, हो, सगळे आहे’ हे उत्तर पुराच्या दुसऱ्या दिवशी सापडत नाही.

अन्नाचा विषय निघालाच आहे म्हणून एक प्रकृतीची गोष्ट सांगून टाकतो. अमेरिकेतील सरकारी खात्याचा दंडक असा, की दार न उघडता बंद पडलेल्या फ्रिजमध्ये अन्न सुमारे चार तास खाण्याजोगे राहते. आणि पुराचे पाणी लागलेले अन्न, मग ते वरून कितीही चांगले दिसो, टाकूनच द्यावे. भरपाई मिळत नाही म्हणून ते खाऊन वसूल करू नये.

गॅसच्या शेगडीविषयी थोडेसे. सिलिंडरचा स्फोट हा ‘भारत गृह रक्षा’त धरलेला आहेच. पण ज्यांनी घराचा कोणताच विमा घेतलेला नाही, त्यांच्यासाठीही एक संरक्षण आधीपासून आहे आणि ते कोणी सांगत नाही. सरकारी तेल कंपन्या आपल्या गॅसग्राहकांसाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा काढतात. गॅसमुळे अपघात झाला तर मृत्यूसाठी माणशी सहा लाख रुपये, उपचारांसाठी माणशी दोन लाखांपर्यंत, आणि ग्राहकाच्या नोंदलेल्या पत्त्यावरील मालमत्तेच्या नुकसानीसाठी दर अपघातामागे दोन लाखांपर्यंत, अशा त्याच्या मर्यादा आहेत. त्यासाठी ग्राहकाला हप्ता भरावा लागत नाही. अपघात होताच वितरकाला आणि पोलिसांना कळविणे एवढे त्याचे काम. जोडणी जुन्या पत्त्यावर आणि सिलिंडर नव्या घरात, अशी स्थिती पुष्कळांची असते. त्यांनी पत्ता आधी बदलून घ्यावा.

आता संकट येऊन गेल्यावर काय करावे? 2023 च्या पुरानंतर आमच्या नात्यातील एका घरी जे घडले ते सांगतो. पॉलिसी होती, पूर होता, फ्रिज बुडाला होता. दावा अगदी सरळ. पण घरात कुबट वास सुटलेला, दारात गाळाचा ढीग, आणि गल्लीत भंगारवाला हाका मारीत आलेला. घरातल्या मंडळींनी फ्रिज आणि घरघंटी तीनशे रुपयांना देऊन टाकली आणि फरशी धुऊन घेतली. कंपनीला फोन केला तो त्यानंतर. सर्वेक्षक आला तेव्हा स्वयंपाकघर लखलखीत होते. त्याने विचारले, फ्रिज कुठे आहे? भिंतीवर पाण्याची रेघ होती तीही पुसलेली. पुढे शेजाऱ्यांचे जबाब, पंचनाम्याची प्रत, जुने बिल असे सारे गोळा करून अखेर काही रक्कम हाती आली, पण तिला पाच महिने लागले आणि ती मागितल्याच्या निम्मीही नव्हती. दोष कोणाला द्यावा? घाण घरात ठेवा असे आम्ही तरी कोणत्या तोंडाने सांगणार! तरीही सांगतो, की सर्वेक्षक येईपर्यंत बिघडलेली वस्तू अंगणात का होईना, ठेवावी. ठेवणे अशक्यच असेल तर कंपनीला आधी कळवून, तिच्यावरच्या पट्टीतील क्रमांकासह आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसह छायाचित्रे काढून, मगच हलवावी. तलाठी किंवा महापालिकेचे कर्मचारी पंचनामा करतील त्याची प्रत मागून घ्यावी.

आणि बुडालेला फ्रिज ‘चालतो का पाहू’ म्हणून लगेच सुरू करू नये. जिवाला धोका आहे, हे तर खरेच. शिवाय ओल्या यंत्रात वीज सोडल्यावर ते जळाले, की पुराने गेलेला फ्रिज शॉर्ट सर्किटने गेलेला ठरविण्यास जागा मिळते, आणि पहिल्या घराचा माणूस आपल्याच हाताने दुसऱ्या घराच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

कंपनीने दावा नाकारला तर कोणत्या कलमाखाली नाकारला हे लेखी मागावे, आणि त्याच कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. अर्जासोबत पॉलिसीची प्रत, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार आणि छायाचित्रे जोडावीत. ही सारी कागदपत्रे ओट्याखालच्या खणात ठेवण्याची पद्धत आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. ती वरच्या माळ्यावर हलवावीत, कारण पुराचे पाणी प्रथम त्या खणातच शिरते.